सातबारा आरमध्ये, सौदा गुंठ्यात : रोजच्या व्यवहारातली मेट्रिक आणि ब्रिटिश मापे

मखमलाबादकर

नाशिकच्या आसपास जमिनीचा व्यवहार करताना एक घोळ इतका नित्याचा झाला आहे की त्याविषयी आता कोणी बोलतही नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. पारावर, दलालापुढे आणि घरच्या वाटणीत मात्र सगळे बोलणे एकर-गुंठ्यांतच चालते. या दोहोंची गाठ घालताना बहुतेक जण एक आर म्हणजे एक गुंठा असा सोपा हिशेब धरतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरचाही फरक नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण सातबाऱ्यावर ०.४०.००, म्हणजे ४० आर, असा आकडा पाहून एखाद्याने तो ४० गुंठे, म्हणजेच एक एकर समजून पैसे मोजले, तर एकराचे ४,०४६.८६ चौरस मीटर होत असल्यामुळे ४६.८६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५०४ चौरस फूट जमीन त्याच्या पदरात कमी पडते. शहराच्या हद्दीलगत एवढ्या जागेत एका कुटुंबाचे घर उभे राहते.

कायद्याने पाहिले तर हा प्रश्न केव्हाच मिटला आहे. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १९६२ मध्ये तो सक्तीचा झाला. पुढे २००९ चा वैध मापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. एवढे सगळे होऊनही भाजी किलोने घेणारा माणूस जागा फुटाने घेतो, पेट्रोल लिटरने भरतो आणि चाकातली हवा पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड दाब) सांगतो, हे कसे?

माझा कयास असा आहे की, जिथे मोजण्याचे साधन बदलून भागले तिथे मेट्रिक पद्धत चटकन रुजली. आणि जिथे मोजायची वस्तूच जुन्या मापाने घडलेली होती तिथे फूट-इंच टिकून राहिले. हा कयास कितपत टिकतो ते पाहायचे आहे. आपापल्या कामातला अनुभव सविस्तर लिहावा. "आमच्या वेळचे तेच बरे होते" या वळणाने चर्चा जाऊ नये, एवढी विनंती.

जुनी मास्तरीण

तुमचा कयास बाजारपेठेपुरता तरी मला पटतो, कारण तो बदल मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला आहे. किराणा दुकानातली शेर-अच्छेराची वजने गेली आणि त्यांच्या जागी षटकोनी लोखंडी किलोची वजने आली. तराजू तोच, दुकानदार तोच, गूळही तोच. बदलला तो फक्त पारड्यात ठेवायचा तुकडा. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असल्यामुळे किलो त्याच्या अगदी शेजारीच बसला आणि गिऱ्हाइकाला अंदाज नव्याने बांधावा लागला नाही. आजही कोणी पावशेर मिरच्या मागितल्या तर भाजीवाली निमूटपणे २५० ग्रॅम तोलते. खऱ्या पावशेराचे २३३ ग्रॅमच होतात, त्यामुळे यात गिऱ्हाइकाचा फायदाच आहे.

धान्याची गोष्ट मात्र निराळी होती. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक आम्ही पाठ केले होते, पण ते भरून मोजायचे माप होते, तोलून मोजायचे नव्हे. बाजरीची पायली आणि उडदाची पायली वजनाला सारखी भरत नाही, शिवाय माप शिगेचे भरायचे की सपाट यावरून कटकटी होत असत, त्या वेगळ्याच. किलो आल्याने त्या कटकटी मिटल्या हे मी नि:शंकपणे सांगते. जुन्या मापांविषयी गहिवरून बोलणाऱ्यांनी शिगेच्या मापावरची भांडणे पाहिलेली नसावीत.

सोन्याकडे मात्र लक्ष द्या. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबाने जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होतो. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. मोड घालताना सराफ ग्रॅमवरच तोलतो, त्यामुळे तिथे कोणी बुडत नाही. पण आजेसासूच्या जुन्या यादीत "पाटल्या, चार तोळे" असे लिहिलेले असेल आणि प्रत्यक्षात त्या ४६.६ ग्रॅम भरत असतील, तर वाटणीच्या वेळी वरचे साडेसहा ग्रॅम कोणाचे, या प्रश्नावरून दोन जावांचे बोलणे बंद पडू शकते.

सूतगज

मी बांधकामाची कामे घेतो. आमच्याकडे दोन्ही पद्धती एकाच वस्तूत नांदतात. प्लायवूड घ्यायला गेलात तर ते आठ बाय चारचे असते, म्हणजे फुटांत, आणि जाडी मात्र १८ मिलिमीटर. काचेची जाडी ४ किंवा ५ मिलिमीटर आणि दर चौरस फुटाचा. सळई कारखान्यातून १०, १२, १६ मिलिमीटरची येते, पण साइटवरचा फिटर तिला अनुक्रमे तीन सुती, चार सुती, पाच सुती म्हणतो, कारण इंचाचे आठ सूत असतात. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२.७ आणि पाच सूत म्हणजे १५.९; तंतोतंत जुळत नाही, पण नकाशावर १२ लिहिलेले असताना फिटरने चार सुती सळई बांधली तर ती नेमकी हवी तीच असते. घोटाळा झाल्याचे मी कधी पाहिले नाही, कारण बाजारात त्या मापाची दुसरी सळई मिळतच नाही.

खरा घोटाळा होतो तो वाळू-खडीत. वाळू ब्रासने येते, ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर, तयार काँक्रीटची गाडी मात्र घनमीटरने येते. स्लॅबचे क्षेत्र नकाशावर चौरस मीटरमध्ये, मालकाला सांगायचे चौरस फुटांत आणि जाडी पाच इंच. एका स्लॅबच्या हिशेबात तीन वेळा मापे बदलावी लागतात आणि प्रत्येक बदलात कोणीतरी "धरून चालू" असे म्हणून आकडा सरळ करतो. हे धरून चालणे नेहमी एकाच बाजूने होते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

फ्लॅटचेही तसेच आहे. महारेराच्या नोंदणीत चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, दर मात्र चौरस फुटाचा सांगितला जातो. ६० चौरस मीटरचे ६४६ चौरस फूट होतात. हा गुणाकार घर घेणाऱ्याने स्वतः १०.७६४ ने करावा आणि तोंडी सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.

क्युसेक

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेले, म्हणून पाण्याविषयी लिहितो. गंगापूर धरणाची साठवणक्षमता आम्ही ५,६३० दशलक्ष घनफूट अशी सांगतो. सरकारी कागदावर तीच सुमारे १५९ दशलक्ष घनमीटर होते. नाशिकच्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यात विसर्ग क्युसेकमध्ये येतो आणि जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद पेटला की सगळे टीएमसीमध्ये बोलू लागतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात २८.३ लिटर, टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट.

हे सगळे घनमीटरमध्ये का नेत नाही, असे तरुण अभियंते विचारत. त्याचे उत्तर धागाकर्त्यांच्या कयासात थोडी भर घालणारे आहे. विसर्ग आणि साठा ही दोन्ही मापे घनफुटांच्याच घराण्यातली असल्यामुळे हिशेब डोक्यात होतो : दहा हजार क्युसेकने पूर्ण दिवस पाणी सोडले तर ८६४ दशलक्ष घनफूट जाते, म्हणजे भरलेल्या गंगापूर धरणाचा साधारण १५ टक्के भाग. दोन्ही आकडे मेट्रिकमध्ये असते तरी हिशेब इतकाच सोपा झाला असता. विसर्ग क्युसेकमध्ये आणि साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, अशी सरमिसळ झाली की मात्र रात्री दोन वाजता फोनवर बोलणारा माणूस चुकणारच. तेव्हा माझ्या मते माप कोणते हा मुद्दा दुय्यम आहे. एका साखळीतल्या सगळ्यांनी एकच माप वापरावे, हा मुद्दा पहिला.

आणि हे सगळे असूनही गोदाकाठावर पूर किती आला हे कोणी क्युसेकमध्ये विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की छातीला, हेच सगळ्यांना कळते, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेले म्हटले की पंचवटीतला जुना माणूस पुढचे काही विचारत नाही. अंशांकन नसलेली ही मोजपट्टी दुकानदाराला माल कधी हलवायचा ते आमच्या आकड्यांपेक्षा लवकर सांगते, हे मी खात्यात असतानाही मान्य करीत असे.

द्राक्षबाग_निफाड

क्युसेक काकांचा मुद्दा शेतीला अक्षरशः लागू पडतो. आमची बाग नऊ बाय पाच फुटांवर आहे. ४३,५६० ला ४५ ने भागले की एकरी ९६८ झाडे येतात. ओळींत नऊ फूट अंतर असल्यामुळे एकरात ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट भरते. ठिबकची नळी मात्र १६ मिलिमीटरची आणि तिचे बंडल मीटरवर, त्यामुळे दुकानात जाऊन १,४७५ मीटर मागावे लागतात. पुढे माल निर्यातीला निघाला की मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि पनेटचे, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डबीचे, वजन ग्रॅममध्ये. थोडक्यात, झाड जमिनीत असेपर्यंत फूट आणि घड हातात आला की मेट्रिक.

याचा खरा फटका खतांत बसतो. विद्यापीठाच्या शिफारसी हेक्टरी असतात. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. त्याला अडीचने भागले की एकरी ८७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांपेक्षा थोडा कमी. आमच्या शिवारात हेक्टरी आकडा एकरी समजून जवळपास पाच गोण्या टाकणारे लोक मी पाहिले आहेत, तेही हप्ते न पाडता. पात जोमदार येते, पाहणारे कौतुक करतात, आणि चाळीत साठवल्यावर तो कांदा टिकत नाही. शिफारशीच्या पत्रकावर हेक्टरी आकड्याशेजारी एकरी आकडा छापला तर एक ओळ वाढेल, यापलीकडे काय बिघडेल?

पाइपांचीही गंमत आहे. ६३ मिलिमीटरच्या पाइपाला दोन इंची, ७५ च्या पाइपाला अडीच इंची आणि ९० च्या पाइपाला तीन इंची म्हणतात. इंचाला २५.४ ने गुणून पाहणाऱ्याने हे आकडे जुळवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण मिलिमीटरचा आकडा पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचा आहे.

लेथवाला

अंबडला माझे छोटे वर्कशॉप आहे. पाइपाचा विषय निघाला म्हणून सांगतो, घरातल्या अर्धा इंची नळाच्या आट्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला तर २०.९५ मिलिमीटर भरतो. त्यात अर्धा इंच कुठेच नाही. ते फक्त नाव आहे, तरीही मेट्रिक वापरणाऱ्या देशांतसुद्धा नळ याच आट्याचे बनतात, कारण नव्या मापाचा नळ काढला तर तो भिंतीत आधीपासून असलेल्या फिटिंगला बसणार नाही. धागाकर्त्यांचा कयास इथे पुरता सिद्ध होतो.

माझ्याकडे एक जुना लेथ आहे, त्याचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला चार आटे असा आहे. त्यावर २ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) मेट्रिक आटा पाडायचा असेल तर १२७ दातांचा गिअर चढवावा लागतो. नवीन मुलांना हा आकडा विचित्र वाटतो. १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले, २५.४ ला पाचाने गुणले की १२७ हा पूर्णांक मिळतो आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे त्याहून लहान गिअरने हे गणित तंतोतंत सुटत नाही. लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिलिमीटर, हवा आहे २ मिलिमीटर, तेव्हा ४० आणि १२७ ची जोडी लावायची. एवढे केले तरी काम सरळ होत नाही. इंचाच्या लेथवर मेट्रिक आटा पाडताना हाफ नट, म्हणजे टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट, मध्येच सोडायचा नसतो. प्रत्येक फेरीला टूल बाहेर काढून मशीन उलटे फिरवत मागे आणायचे, नाहीतर पुढची फेरी आधीच्या आट्यावर बसत नाही आणि जॉब भंगारात जातो. दोन मापपद्धतींतला फरक कागदावर दशांशाचा असतो. लेथवर तो घामाचा असतो.

अमेरिकेच्या ऑर्डरींची ड्रॉइंगे अजूनही इंचात येतात. तिथे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इंचाच्या हजाराव्या भागात असतो, ज्याला आम्ही थाऊ म्हणतो. एक थाऊ म्हणजे २५.४ मायक्रॉन. ज्येष्ठ टर्नर "दोन थाऊ काढ" म्हणतो आणि मुलगा ०.०२ मिलिमीटर काढतो, तेव्हा काम अर्ध्यापेक्षाही कमी झालेले असते. कमी काढलेले पुन्हा काढता येते, जास्त काढलेले परत लावता येत नाही, म्हणून ही चूक त्यातल्या त्यात बरी.

ओझरचा_निवृत्त

लेथवाले, तुमच्या १२७ दातांच्या गिअरने जुने दिवस आठवले. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. सोव्हिएत विमान असल्यामुळे ते मुळातच मेट्रिक होते. ड्रॉइंगपासून पान्यांपर्यंत सगळे मिलिमीटरमध्ये. उलट जगातली बहुतेक नागरी विमाने आजही उंची फुटांत सांगतात. वैमानिकाला फूट की मीटर याने फरक पडत नाही, पण समोरच्या विमानाने दुसरे माप धरले तर जिवाशी गाठ आहे, म्हणून तिथे बदल करायला कोणी धजत नाही.

इंधनाचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवे होते. विमान नवीन आणि किलोवर चालणारे होते, पण लिटरचे वजन काढताना पौंडांचा गुणक वापरला गेला आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. किलोही बरोबर होते आणि पौंडही बरोबर होते. घात झाला तो संक्रमणाच्या काळात, जेव्हा दोन्ही मापे एकाच टेबलावर होती.

थर्मामीटर

थोडक्यात लिहिते. निफाडचा पारा किती खाली गेला हे आपण सेल्सिअसमध्ये वाचतो आणि त्याच थंडीने मुलाला ताप आला की तो फॅरनहाइटमध्ये सांगतो. दवाखान्यात हल्ली तरुण आईवडील डिजिटल थर्मामीटरवरचे "३८.५" सांगतात आणि शेजारी बसलेल्या आजीला तो ताप वाटतच नाही, तो १०१.३ आहे म्हटले की त्या लगेच उठून उभ्या राहतात. घरच्या थर्मामीटरवर एकच एकक ठेवावे आणि ३८ म्हणजे १००.४ एवढे पाठ करावे. औषध मात्र चमच्याने नव्हे, बाटलीबरोबरच्या मापाने मिलिलिटरमध्येच द्यावे. घरातले चमचे एकसारखे नसतात आणि इथे अंदाजाला जागा नाही.

सरळमीटर

सगळे प्रतिसाद वाचले. मला यात कौतुक करण्यासारखे काही दिसत नाही. टीव्हीच्या खोक्यावर ८० सेंटिमीटर छापायला कंपन्यांना भाग पाडता येते, तर जमिनीच्या जाहिरातीत गुंठा लिहिण्याला आळा का घालू नये? ज्याला जुन्या मापाची सवय आहे तो फसत नाही. फसतो तो नवा खरेदीदार. दंड बसला की सवयी सुटतात, किलोच्या बाबतीत तेच झाले.

मखमलाबादकर

सरळमीटर, खोक्यावर ८० सेंटिमीटर छापले तरी दुकानात शिरणारा माणूस ३२ इंचीच मागतो, हे आपणही पाहिले असेल. किलोची सक्ती यशस्वी झाली कारण जुने वजन जप्त करता येत होते. गुंठा जप्त कसा करणार? इंग्रजी अमदानीतली मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली, त्या साखळीचे सोळा आणे पाडलेले असत, आणि आपल्या कित्येक गटांच्या हद्दी त्याच मोजणीच्या आधाराने उभ्या आहेत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजेच गुंठा. हे माप बोलीत आहे तसेच जमिनीवरही आखलेले आहे. मात्र जाहिरातीत गुंठ्यासोबत चौरस मीटर लिहिणे बंधनकारक असावे, या मर्यादेपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे.

क्युसेक काकांनी माझा कयास दुरुस्त केला, तो मी मान्य करतो : एका साखळीत एकच माप असेल तर जुने मापही त्रास देत नाही. जमिनीच्या व्यवहारात ती साखळी सातबाऱ्यापासून सुरू होते, त्यामुळे तिथे माप निवडण्याची मुभा आपल्याला उरत नाही. आता व्यवहारी प्रश्न एवढाच की खरेदीखतात नेमके काय लिहावे?

सूतगज

खरेदीखतात क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर, आर, चौरस मीटर असेच लिहावे, एकूण मोबदला त्या क्षेत्राला जोडावा आणि दर ठरवताना गुंठ्याने बोलणे झाले असेल तर तो आधी चौरस मीटरमध्ये आणून दोन्ही पक्षांना दाखवावा. इसार देण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणारी मोजणी नकाशाची "क" प्रत दस्ताला जोडावी, म्हणजे चतुःसीमा आणि क्षेत्र यांत तफावत असेल तर ती सह्या होण्याआधी दिसते. नुसते "एक एकर" असे शब्द दस्तात येऊ देऊ नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी गुंठे लिहायचेच असतील तर ते शेजारी, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावेत : ४० आर म्हणजे ३९.५४ गुंठे.